थीममध्ये केलेला बदल दिसत नाही, किंवा दिसून पुन्हा उडतो: तपासणी कुठून सुरू करायची

वरुड-मोर्शीकडची संत्रा विकणारी शेतकरी कंपनी असो, भिवापूरची मिरची पाठवणारा गट असो की मोहर्लीच्या गेटजवळचं होमस्टे, वर्डप्रेस साइटच्या थीमबद्दलची, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्सच्या संचाबद्दलची, तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. रंग बदलला, फाँट बदलला, मेनू सरकवला, आणि साइट जशीच्या तशी. किंवा बदल महिनाभर दिसला आणि एका सकाळी गायब. यावर सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय म्हणजे सीएसएसच्या, म्हणजे रंग, फाँट आणि मांडणी ठरवणाऱ्या कोडच्या, आणखी चार ओळी टाकणं, आणि गुंता तिथूनच वाढतो.

बदल बहुतेक वेळा चार ठिकाणी अडकतो. तो जतन झालेला नसतो. जतन झाला तरी समोरच्याच्या फोनपर्यंत पोहोचलेला नसतो. पोहोचला तरी दुसऱ्या नियमाने दाबलेला असतो. नाहीतर अपडेटने पुसलेला असतो. यातलं नेमकं काय झालं हे कळेपर्यंत एकही नवी ओळ लिहू नका.

बटणांची नावं इंग्रजी डॅशबोर्डप्रमाणे दिली आहेत.

लक्षणं

- लॉगिन असताना तुम्हाला नवं रूप दिसतं, गिऱ्हाइकाला जुनंच.
- प्रिव्ह्यूमध्ये बदल दिसतो, प्रत्यक्ष साइटवर नाही.
- फाँट बदलला की इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी तशीच राहतात. किंवा वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात.
- कॉम्प्युटरवर मांडणी बरोबर, मोबाइलवर विस्कटलेली.
- बरेच दिवस टिकलेला बदल कोणी हात न लावता गेला.
- पानावर रंग, मांडणी काहीच नाही. नुसता मजकूर आणि निळ्या लिंका.
- पांढरं पान, किंवा साइटवर गंभीर चूक झाल्याचा इंग्रजी संदेश.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट ‘पांढरं पान’ या भागाकडे जा.

हात लावण्याआधी

पूर्ण बॅकअप घ्या, आणि तो होस्टिंगवरच न ठेवता डाउनलोड करून पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा. ‘अॅडिशनल सीएसएस’ या स्वतःचं सीएसएस लिहायच्या चौकटीतला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅड फाइलमध्ये वेगळा जपा.

मग सेटिंग्ज, जनरलमध्ये जाऊन अॅडमिनचा ईमेल पत्ता पाहा. साइट नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या डिझायनरने करून दिली असेल, तर तिथे अजून त्याचाच पत्ता असण्याची दाट शक्यता असते. साइट बंद पडली तर वर्डप्रेस दुरुस्तीची लिंक याच पत्त्यावर पाठवतं. आजच तो पत्ता स्वतःचा करून घ्या. नव्या पत्त्यावर खात्रीचा ईमेल येतो, त्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

१. जतन झालं का? (दोन मिनिटं, फुकट)

कस्टमायझरमध्ये, म्हणजे अपिअरन्सखालच्या ‘कस्टमाइझ’मध्ये, केलेला बदल ‘पब्लिश’ दाबेपर्यंत फक्त प्रिव्ह्यूमध्ये असतो. त्याच बटणाशेजारच्या चाकाच्या चिन्हाखाली ‘सेव्ह ड्राफ्ट’ आणि ‘शेड्यूल’ हे पर्याय असतात. चुकून त्यातलं काही निवडलं गेलं की बटण दाबूनही साइट बदलत नाही. नेटवर्क मध्येच गेलं किंवा लाइन जाऊन राउटर बंद पडला, तरी पब्लिशची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही आणि पडद्यावर मात्र नवं रूप दिसत राहतं. म्हणून पब्लिशनंतर बटणावर ‘पब्लिश्ड’ असं उमटल्याशिवाय टॅब बंद करू नका. कस्टमायझर अधूनमधून आपोआप मसुदा ठेवतं, त्यामुळे पुन्हा उघडल्यावर जुना मसुदा परत आणायचा का असं विचारलं तर घाईने नाही म्हणू नका.

साइट एडिटरमध्ये (अपिअरन्सखालचं ‘एडिटर’) ‘सेव्ह’ दाबल्यावर उजवीकडे यादी येते: हेडर, टेम्प्लेट, स्टाइल्स असे वेगवेगळे चौकोन. ज्यावरची खूण निघाली असेल तो भाग जतन होत नाही.

सेव्ह करताना दरवेळी ४०३ ही चूक येत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका. शेअर्ड होस्टिंगवरचं सुरक्षा-फिल्टर काही वेळा कोडचा तुकडा हल्ला समजून अडवतं. वेळ आणि चूक टिपून होस्टिंगच्या सपोर्टला कळवा. तो नियम तेच शिथिल करू शकतात.

२. पोहोचलं का? (दहा मिनिटं)

इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता साइट उघडा. दुसऱ्या मोबाइलवर, वायफाय बंद करून सिमच्या डेटावरही पाहा. लॉगिन केलेल्या माणसाला कॅशे प्लगइन, म्हणजे पानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या जोड-सोयी, सहसा ताजं पान देतात आणि बाकीच्यांना साठवलेलं. ‘मला तर दिसतंय’ हा पुरावा म्हणूनच कामाचा नाही.

साफ करण्याचा क्रम आतून बाहेर ठेवा. आधी इलेमेंटरसारखा पेज बिल्डर असेल तर त्याच्या टूल्समधून त्याच्या सीएसएस फाइल्स नव्याने तयार करा. मग कॅशे प्लगइन रिकामं करा, मग होस्टिंगच्या पॅनेलमधला सर्व्हर कॅशे, मग क्लाउडफ्लेअर (साइट आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये बसून फाइल्सच्या प्रती देणारी सेवा) वापरत असाल तर ते, आणि शेवटी ब्राउझर. उलट क्रमाने केलं तर बाहेरचा थर आतल्या थरातला जुना माल पुन्हा उचलून ठेवतो.

इथे एक बारकावा बराच वेळ वाचवतो. क्लाउडफ्लेअर मूळ सेटिंगमध्ये पानाचा एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, साठवत नाही, पण सीएसएसच्या फाइल्स आणि चित्रं साठवतं. ‘अॅडिशनल सीएसएस’ पानाच्या आतच छापलं जातं, तर थीमचं स्टाइलशीट, म्हणजे तिचं सीएसएस, वेगळी फाइल म्हणून येतं. म्हणून चौकटीतला बदल लगेच दिसला आणि फाइलमधला दिसला नाही, तर कोड बरोबर असून फाइल जुनी येते आहे. काम चालू असेपर्यंत क्लाउडफ्लेअरचा डेव्हलपमेंट मोड लावा; तो ३ तासांनी आपोआप बंद होतो. ब्राउझरचंही तसंच आहे. स्टाइलशीटच्या पत्त्याला सहसा थीमचा आवृत्ती क्रमांक जोडलेला असतो. फाइल बदलली आणि क्रमांक तोच राहिला, तर ब्राउझरच्या दृष्टीने ती जुनीच फाइल असते. चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली तुमची वेगळी थीम, पायरी ७ पाहा) असेल तर तिच्या स्टाइलशीटमध्ये दर बदलाला ‘व्हर्जन’ची ओळ एकाने वाढवा.

इलेमेंटरची फाइल तयारच होत नसेल तर होस्टिंगवरची जागा भरली आहे का पाहा. स्वस्त प्लॅनमध्ये जुने बॅकअप तिथेच पडून राहतात आणि नवी फाइल लिहायला जागा उरत नाही.

३. बदल योग्य जागी केला का?

वर्डप्रेसमध्ये आता दोन जातींच्या थीम आहेत. अपिअरन्सखाली ‘कस्टमाइझ’ असेल तर ती जुन्या पद्धतीची, म्हणजे क्लासिक थीम. ‘एडिटर’ असेल तर ब्लॉक थीम. ही पद्धत जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून आली. जुने मराठी व्हिडिओ कस्टमायझर दाखवतात आणि बघणाऱ्याकडे ब्लॉक थीम असते, इथेच निम्मा घोळ होतो. ब्लॉक थीममध्ये सीएसएसची चौकट एडिटरच्या ‘स्टाइल्स’मध्ये, तीन टिंबांच्या मेनूत मिळते, ती ६.२ पासून आहे.

ब्लॉक थीममध्ये आणखी एक गोष्ट माणसाला चकवते. एडिटरमधून हेडर एकदा जरी बदलून जतन केला, तरी त्याची प्रत डेटाबेसमध्ये जाते आणि तिथून पुढे वर्डप्रेस तीच वापरतं. नंतर थीमच्या फोल्डरमधली हेडरची फाइल कितीही बदला, साइटवर काही हलत नाही. टेम्प्लेट्सच्या किंवा टेम्प्लेट भागांच्या यादीत त्या नावासमोरच्या तीन टिंबांतून ‘रीसेट’ केलं की फाइल पुन्हा लागू होते. रीसेट केल्यावर एडिटरमधले बदल जातात, म्हणून आधी त्यातला ब्लॉक-कोड कॉपी करून ठेवा.

४. पोहोचलं, पण दाबलं गेलं का?

ही तपासणी कॉम्प्युटरवरच करा. जो भाग बदलत नाही त्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ घ्या. उजवीकडे त्या भागाला लागू असलेल्या सीएसएसच्या ओळी दिसतात. तुमची ओळ शोधा. चारपैकी एक उत्तर मिळेल.

ओळ नाहीच. एकतर फाइल आलेली नाही, म्हणजे पायरी २ वर परत. नाहीतर क्लासचं, म्हणजे त्या भागाला कोडमध्ये दिलेल्या खुणेचं, नाव चुकलं. सीएसएसमध्ये क्लासच्या नावाआधीचं टिंब सुटलं तरी ओळ लागू होत नाही.

ओळ आहे पण शेजारी पिवळं त्रिकोणी चिन्ह आहे. ब्राउझरला किंमत समजली नाही. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे: मराठी कीबोर्ड चालू राहतो आणि १६ हा आकडा देवनागरीत टाइप होतो. सीएसएसला फक्त इंग्रजी आकडे कळतात. देवनागरी आकडा दिसला की ती ओळ टाकून दिली जाते आणि साइटवर कुठेही चूक दाखवली जात नाही. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणचिन्हंही अशीच नडतात. कोड नेहमी साध्या नोटपॅडमधून पेस्ट करा.

ओळ आहे पण तिच्यावर आडवी रेघ आहे. म्हणजे दुसरी ओळ तिच्यावर भारी पडली. नियम असा: आयडीने, म्हणजे एकाच भागाला दिलेल्या नावाने, लिहिलेली ओळ क्लासवर भारी, क्लासची ओळ नुसत्या टॅगवर भारी, आणि वजन सारखं असेल तर नंतर आलेली जिंकते. जिंकलेली ओळ रेघेशिवाय दिसते आणि ती कोणत्या फाइलमधून आली हे तिच्या उजवीकडे लिहिलेलं असतं. तिच्याच पद्धतीने, त्या भागाला वेढणाऱ्या बाहेरच्या डब्याचा क्लास पुढे जोडून तुमची ओळ लिहा. ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द लावून काम भागतं खरं, पण पुढच्या बदलाला त्याच्यावर आणखी एक ‘इम्पॉर्टंट’ लागतो, आणि वर्षभराने त्या साइटचा मेनू कोणालाच सरळ करता येत नाही. फार तर प्लगइनने घुसवलेल्या ओळीपुरता तो वापरा.

ओळ लागू आहे, रेघ नाही, तरी फरक दिसत नाही. तर तुम्ही चुकीचा डबा रंगवला आहे. वर दुसऱ्या डब्याचा रंग झाकून बसला आहे. इन्स्पेक्टमध्ये आतल्या-बाहेरच्या टॅगवर माउस फिरवून कोणता भाग उजळतो ते पाहा.

काही ओळी चालतात आणि एका ठिकाणापासून पुढच्या चालत नाहीत, असं असेल तर तिथे महिरपी कंस उघडून बंद करायचा राहिला आहे. मोबाइलच्या पडद्यापुरत्या नियमात दोन कंस बंद करावे लागतात, तिथे हे हमखास होतं. ब्लॉक एडिटरमधले कॉलम ७८१ पिक्सेल आणि त्याखाली एकाखाली एक येतात. मोबाइलसाठी स्वतःचा नियम लिहिताना तोच आकडा धरला तर मधल्या आकाराच्या टॅबलेटवर मांडणी तुटत नाही.

५. मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं

रोबोटो, लॅटो, ओपन सॅन्स, मॉन्टसेराट या फाँटांत देवनागरी अक्षरंच नाहीत. थीममध्ये ते निवडले की इंग्रजी बदलतं आणि मराठी मजकूर फोनच्या स्वतःच्या फाँटवर पडतो. यात थीमचा दोष नाही. मुक्ता, हिंद, बालू २, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी निवडा. वर्डप्रेस ६.५ पासून फाँट लायब्ररीतून हे ब्लॉक थीमच्या साइटवरच साठवता येतात. वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) दोनच घ्या, साधं आणि ठळक. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या कमकुवत नेटवर्कवर सहा वजनांचा फाँट येईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये शीर्षकाची ओळ-उंची १.१ किंवा १.२ असते. त्यात मराठीच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्य करा, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. साइटची भाषा सेटिंग्ज, जनरलमध्ये मराठी करा. त्यामुळे पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद होते आणि नोटो सॅन्स देवनागरीसारखे फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवू शकतात.

तालुक्याच्या डीटीपी दुकानातून आलेला मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातला आहे. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. थीममधलं कोणतंही सेटिंग यावर उपाय नाही.

६. प्लगइन आड येतंय का?

‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ या प्लगइनचा ट्रबलशूटिंग मोड वापरा. तो सगळी प्लगइन फक्त तुमच्या लॉगिनपुरती बंद करतो आणि मूळ थीम लावतो. गिऱ्हाइकांना साइट चालूच दिसते. त्यात आधी तुमची थीम परत लावा, मग एकेक प्लगइन चालू करत जा. ज्या प्लगइनला बदल नाहीसा होतो, तेच कारण. पहिला संशय वेग वाढवणाऱ्या प्लगइनवर घ्या: सीएसएस एकत्र करणं आणि न वापरलेलं सीएसएस काढणं ही दोन सेटिंग्ज. मेनू उघडल्यावरच लागणारे क्लास त्यांना ‘न वापरलेले’ वाटतात, आणि मोबाइलवरचा मेनू उघडेनासा होतो. सेटिंग बंद करा. प्लगइन काढायची गरज नसते.

७. अपडेटने पुसलं असेल तर

थीमच्या मूळ फाइल्समध्ये केलेला बदल पुढच्या अपडेटला जातोच, कारण अपडेट म्हणजे थीमचं फोल्डर काढून नवं ठेवणं. ५.५ आवृत्तीपासून थीमला आपोआप अपडेट होण्याची सोय आहे, म्हणून हे रात्रीतून घडल्यासारखं वाटतं. ‘अॅडिशनल सीएसएस’ आणि एडिटरमधले बदल डेटाबेसमध्ये असतात, ते अपडेटने जात नाहीत. जुना बदल हवा असेल तर होस्टिंगचा बॅकअप लगेच काढा. तिथे मोजक्याच दिवसांचे बॅकअप राहतात.

फाइल बदलायचीच असेल तर चाइल्ड थीम करा. थीम्सच्या फोल्डरात नवं फोल्डर, त्यात स्टाइलशीटची फाइल, आणि तिच्या डोक्यावर दोन ओळी: थीमचं नाव आणि ‘टेम्प्लेट’. टेम्प्लेटच्या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षरशः तसंच हवं, लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच. ती सोडून दुसरं काही लिहिलं तर मूळ थीम सापडत नसल्याचा संदेश येतो.

चाइल्ड थीम लावताना तीन चुका होतात. पहिली: मूळ थीमची फंक्शन्सची फाइल पूर्ण कॉपी करणं. बाकीच्या फाइल्स मूळ फाइलची जागा घेतात, ही मात्र मूळ फाइलसोबत चालते, आणि एकच फंक्शन दोनदा आलं की साइट बंद पडते. त्यात फक्त नव्या ओळी लिहा. दुसरी: कस्टमायझरमधले रंग, लोगो आणि ‘अॅडिशनल सीएसएस’ प्रत्येक थीमच्या नावाने वेगळे साठवले जातात. चाइल्ड थीम चालू केल्यावर ते उडाल्यासारखे दिसतात. मूळ थीमच्या नावाखाली ते शाबूत असतात. सुरुवातीला काढून ठेवलेली नोटपॅडची प्रत इथे कामी येते. तिसरी: काही क्लासिक थीम चाइल्ड लावल्यावर स्वतःचं स्टाइलशीट उचलत नाहीत आणि पान मांडणीशिवाय उघडं पडतं. अशा वेळी मूळ स्टाइलशीट चाइल्डच्या फंक्शन्स फाइलमधून रांगेत लावावं लागतं.

हे काम हंगामात करू नका. होमस्टेवाल्यांनी पावसाळ्यात, ताडोबाचा कोअर बंद असताना. संत्रावाल्यांनी आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आधी.

मांडणीशिवायचं पान

चाइल्ड थीम नसतानाही नुसता मजकूर आणि निळ्या लिंका दिसत असतील, तर आधी ब्राउझरमधल्या पत्त्याकडे पाहा. तो एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर बहुधा असं झालं असेल: साइट सुरक्षित पत्त्यावर चालते आणि स्टाइलशीट जुन्या असुरक्षित पत्त्यावरून मागवलं जातं, म्हणून ब्राउझर ते अडवतो. सेटिंग्ज, जनरलमधले दोन्ही पत्ते सुरक्षित रूपात आहेत का ते तपासा. ते बदलताना एक अक्षर चुकलं तरी लॉगिन बंद होतं, म्हणून टाइप न करता कॉपी करा.

पांढरं पान

अॅडमिनच्या ईमेलमध्ये रिकव्हरी मोडची लिंक आली असेल. ती एक दिवस चालते. तिच्यातून आत जाऊन कोणती थीम किंवा प्लगइन अडलं ते दिसतं. ईमेल नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन एकदम बंद होतात. साइट आली तर दोष त्यांच्यात. नाही आली तर चालू थीमच्या फोल्डरचं नाव बदला आणि अॅडमिनमध्ये थीम्सचं पान उघडा. मूळ ट्वेंटी मालिकेतली थीम ठेवलेली असेल तर वर्डप्रेस तिच्यावर येतं. म्हणून ती एक थीम कधी काढू नका.

होस्टिंगने पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) ७ वरून ८ वर नेल्यावर हे झालं असेल तर थीम जुनी आहे. पीएचपी तात्पुरती मागच्या आवृत्तीवर न्या आणि थीम बदलायची तयारी सुरू करा. जुन्या पीएचपीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून हे थोड्या दिवसांपुरतंच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पीएचपीची फाइल दोनदा बदलून दोन्ही वेळा साइट बंद पडली असेल तर. डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश आला तर. साइटवर पैसे घेतले जात असतील आणि चेकआउटचं पान बिघडलं असेल तर. तिथे प्रयोग करू नका. तुम्ही न बनवलेला अॅडमिन दिसला, किंवा मोबाइलवरून आलेलं गिऱ्हाईक भलत्याच साइटवर जात असेल तरीही. पैसे वाचवायला बसवलेली चोरीची थीम असेल तर शेवटच्या प्रकाराचा धोका मोठा असतो, आणि नुसती थीम काढून तो सहसा जात नाही.

जाणकाराला तुमचा पासवर्ड देऊ नका. त्याच्या नावाने वेगळं अॅडमिन खातं उघडा आणि काम झालं की काढून टाका. सोबत पाठवा: टूल्समधल्या साइट हेल्थच्या ‘इन्फो’ पानाची कॉपी, बिघाडाची तारीख आणि वेळ, त्याच्या आदल्या दिवशी काय अपडेट झालं, आणि मोबाइल व कॉम्प्युटर दोन्हीचे स्क्रीनशॉट. डोमेन आणि होस्टिंग कोणाच्या नावावर आहे हेही पहिल्याच फोनवर सांगा; ते जुन्या डिझायनरच्या नावावर असेल तर दुरुस्तीआधी तेच काम हाती घ्यावं लागतं.